अंगावर काढलेलं

जानेवारीत डुलुथला थंडी फुकट मिळते.
तळं गोठलेलं, रस्त्यांवर मीठ, पारा उणे एकवीस,
आणि आम्ही दोघं हॉस्पिटलच्या तळघरात
थंडी बनवणारं यंत्र उघडून बसलोय.
हीच वेळ बरी, आर्व्हिड म्हणतो,
आत्ता याच्यावाचून कुणाचं अडत नाही.

चिलर नंबर दोन.
एकोणीस वर्षं आर्व्हिड निएमी याचा वैद्य.
स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरच्या बेअरिंगवर,
मूठ कानामागच्या हाडाला:
हे ऐकणं त्यानंच शिकवलं मला.
चांगलं बेअरिंग बोलत नाही, म्हणाला, नुसतं असतं.
मी इचलकरंजीची, मागांच्या खडखडाटात वाढलेली.
असलं गप्प असणं ऐकू यायला
मला दोन उन्हाळे लागले.

सकाळी तेल बदललं.
जुन्यातलं बाटलीभर प्रयोगशाळेत जाईल,
लोखंड किती, तांबं किती, ओल किती,
आठवड्यानं कळेल आत काय झिजतंय.
फिल्टर कापून उजेडात धरला. चमक नाही. ठीक.

मग कंडेन्सरचं झाकण. चोवीस नट, दोन गंजलेले.
झाकण साखळीवर झुललं
आणि समोर तांब्याच्या चारशे अठरा नळ्या,
प्रत्येकीच्या तोंडाशी पांढरट खर,
आमच्या बंबाच्या तळाशी बसायची तसली.
हे एका वर्षाचं नाही, मी म्हणाले.
तो ब्रशला दांडा जोडत राहिला.

जेवणाच्या सुट्टीत मी जुन्या नोंदवह्या काढल्या.
गॅसचं तापमान, बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान,
दोहोंत जे अंतर उरतं त्याला ॲप्रोच म्हणतात.
अंतराला जवळ येण्याचं नाव
कुणी दिलं कोण जाणे.
नळ्या स्वच्छ असल्या की दोन अंश.
खर धरली की वाढतं, पण इतकं हळू
की आजचा आकडा कालच्याला ओळख देतो.

आर्व्हिडची पेन्सिल, वाकलेला सात:
दोन पूर्णांक एक. दोन पूर्णांक तीन. अडीच.
आणि चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात
अकरा तारखेपासून बावीसपर्यंत
साडेतीन. साडेतीन. साडेतीन.
दाब तोच, अँपिअर तेच, तेलाची पातळी तीच.
बारा दिवस इतकं स्थिर
कुठलंच यंत्र नसतं.
एका बैठकीत लिहिलेत; टोक बोथट होत गेलेलं दिसतं.
तेवीसला खरा आकडा: चार पूर्णांक सहा.
त्याखाली, नळ्यांची सफाई पुढल्या वर्षी.
पुढल्या वर्षीही तेच.
मग अक्षर माझं:
सहा. सहा पूर्णांक दोन. साडेसहा.
मीही लिहीतच गेले की.

लोर्नाबद्दल मला कळलं ते सफाईवाल्या ड्वेनकडून.
चौथा मजला, तळ्याकडची खोली,
त्याच ऑगस्टातले ते बारा दिवस.
तिच्या उशावरच्या जाळीतून येणारा गारवा
याच्याच पोटातून जात होता.

आमच्याकडे म्हणतात, दुखणं अंगावर काढलं.
यंत्राचं म्हणतेय मी.

दुपारभर नळ्या.
ब्रश जाताना कुरकुरतो, मागे राखी पाणी येतं,
बुटांत शिरतं.
दोनशेच्या पुढे कुठेतरी आर्व्हिड म्हणाला,
त्या साली मी हे उघडलंच नाही.
पाहिलं मी, म्हणाले.
वाटलंच. तू वह्या वाचतेस.
मग म्हणाला, तो होज जरा इकडे दे.

निघताना तो रोज तेलाच्या टाकीवर तळवा ठेवतो.
यंत्र बंद असलं तरी तिथला हीटर चालू लागतो,
नाहीतर गॅस गुपचूप तेलात मुरत जातो
आणि मेमध्ये बटण दाबलं की
नुसता फेस.
मार्चअखेर तो रिटायर होतोय.
आज दारापाशीच थांबला, टोपी कानांवर ओढली,
म्हणाला, तू बघ.

मी हातमोजा काढला.