कांडी

आज तिसरा दिवस.
पुढचे पाय ठरल्या जागी पडतात,
मागचे उशिरा येतात,
आणि येतात तेही टाच टेकवून, फरशीला घासत,
चपलेचा अंगठा तुटलेल्या माणसासारखे.

धाग्याच्या पेटीत सापडली तेव्हा बोटाएवढी होती,
शंभर कांड्यांत आणखी एक कांडी.
तेच नाव राहिलं.
परवा बाळेकुंद्रीच्या दुकानात
तांदळाच्या काट्यावर बसवली.
सात किलो दोनशे.
बाळेकुंद्री म्हणाला, काय भावानं देतोस?
मी हसलो नाही.

चाळीस वर्षं माग दुरुस्त केले मी,
वडगावात, खासबागेत, पार सुळेभावीपर्यंत.
उंबऱ्याबाहेर चपला काढतानाच कळायचं
धोटा कुठं अडतोय,
पट्टा घसरतोय की पिकर सैल झालाय.
आत जाऊन नुसतं बोट ठेवायचं.
पण मांजर हे बिनआवाजाचं काम.
तेरा वर्षं ती ट्रंकेवरून उतरत होती
आणि एकदाही मला ऐकू आली नाही.
सोमवारी पहिल्यांदा ऐकलं :
धप्प.
गोदाक्का म्हणाली, उशी पडली असंल.
मी म्हणालो, असंल.
दोघंही उठलो नाही.

जनावरांच्या दवाखान्यात
विजापूरकडची डॉक्टर पोरगी,
तिच्या तोंडी हिंगालु, माझ्या तोंडी मागचे पाय,
आणि बोट दोघांचंही एकाच ठिकाणी.
तिनं कांडीचा पंजा उलटा करून टेबलावर ठेवला
आणि वाट बघितली.
मीही बघितली.
पंजा बराच वेळ तसाच होता.
मग सरळ झाला, सावकाश,
कुणीतरी आठवण केल्यावर.

साखर असेल, म्हणाली. असेल, नसेलही.
रक्त घेतलंय, सोमवारी या.
तिला खायला किती वेळा देता? एष्टु सल?

एष्टु सल.
सकाळी मी दहीभात देतो,
गोदाक्का आंघोळीला गेली की.
दुपारी गोदाक्का सुकट देते,
मी पेपरात तोंड घातलं की.
आणि दिवे लागले की भिंतीपलीकडून नीलव्वा,
बा बेक्कू, बा,
आणि ही जाते, तीन घरची उपाशी.
हे सगळं दवाखान्याच्या बाकावर उघड झालं.
गोदाक्का म्हणाली, मी काय जास्त देतो होय? चिमूटभर.
कुंद्याच्या द्रोणाचं मी बोललो नाही.
चाटूनपुसून स्वच्छ केला होता तिनं,
द्रोण मीच धरला होता.

घरी आल्यावर माळ्यावरून
जुन्या मागाची फळी काढली.
ट्रंकेला तिरकी लावली, वर गोणपाट ठोकलं.
फरशीवर पोत्यांच्या पट्ट्या टाकल्या
दारापासून तिच्या ताटलीपर्यंत,
ताटलीपासून खिडकीपर्यंत.
माझाही गुडघा त्याच वाटेनं जातोय आता,
सोयीचं आहे.
तिनं फळी हुंगली,
माझ्याकडं बघितलं
आणि खालीच बसली,
मागचा भाग एका बाजूला कलंडलेला,
नीट न रचलेल्या ताग्यासारखा.

सहाला नीलव्वानं हाक मारली.
गोदाक्का भिंतीशी गेली, हळू बोलली.
पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग आवाज आला,
अय्यो, मी तर फक्त शेपटाकडचा तुकडा देत होतो.

आता रात्र. शेजारचा माग बंद झालाय.
दिवा काढून मी पडून आहे,
कान उघडा ठेवून, जुन्या सवयीनं.
पोत्यावर नखांचा आवाज येतो :
एक, दोन,
मग थांबून, ओढत, तीन,
मग मी चौथ्याची वाट बघतो.
या घोटाळ्यात बोट कुठं ठेवायचं
मला माहीत नाही.
सोमवार अजून दोन रात्री लांब.

चार.