झडती

बिटको चौकातल्या माझ्या टपरीवजा सेंटरवर
नोव्हेंबरात म्हाताऱ्यांची रांग असते.
जिवंत आहोत, एवढंच सांगायचं असतं त्यांना,
फक्त ते मशीनला पटावं लागतं.

लहानू गायधनी, मुक्काम पळसे.
अंगठा ठेवला. लाल.
पुसून ठेवला. लाल.
"बाबा, जरा दाबून."
"दाबूनच ठेवलाय पोरी.
बत्तीस वर्षं नोट प्रेसमधी होतो,
कोऱ्या नोटांच्या गड्ड्या ह्याच अंगठ्यानं उलटल्या.
शाई फिकी, आकडा तिरका, कड दबलेली,
दिसली की बाजूला काढायची.
रेषा तिकडंच गेल्या असतील."
हसला. मीही हसले,
मागं कुणाला तरी ढास लागली तेव्हा थांबले.

मग तर्जनी, मधलं बोट, डावा अंगठा.
खोबरेल लावलं, ओल्या फडक्यानं पुसलं,
तळहातात धरून ऊब दिली.
देवळालीकडून थंडी येत होती नुसती.
डोळा दाखवा म्हटलं, तर मोतीबिंदू.
मोबाइलवर आकडा येईल म्हटलं,
तर मोबाइल थोरल्याकडं.
पासबुक?
थोरल्याकडं.
कार्ड?
त्यानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

थोरल्याला फोन लावला.
"मी कामात आहे. त्यांना बसू द्या तिथंच.
पण पेन्शन थांबली नाही पाहिजे, तेवढं बघा."
मी स्पीकर बंद केला,
जरा उशिराच.

"बाबा," म्हटलं, "तुम्ही म्हणजे तुम्हीच,
हे काही सिद्ध होईना आज."

तेव्हा तो उठला
आणि काउंटरवर खिसे रिकामे करायला लागला.
चष्मा, एका काडीच्या जागी दोरा.
एसटीचं शून्य रुपयांचं तिकीट.
रुमालात गुंडाळलेली दोन ग्लुकोज बिस्किटं,
एक अर्धं खाल्लेलं.
एक किल्ली, कशाची ते त्यालाही आठवेना.
मग दोन्ही हात खांद्याच्या रेषेत,
पाय थोडे फाकून उभा राहिला,
जसा रोज भोंगा झाल्यावर गेटवर राहत असेल.

"बघ पोरी, चाचपून बघ.
बत्तीस वर्षांत एकदाबी काही सापडलं नाही."

रांगेत कुणी बोललं नाही.
बाहेर रिक्षावाला नाशिकरोड, नाशिकरोड ओरडत होता
नाशिकरोडातच उभा राहून.

मी काउंटरला वळसा घालून गेले.
त्याचे हात खाली घेतले, एकेक करून.
बिस्किटं रुमालात पुन्हा बांधली.

डावी करंगळी
अजून राहिली होती.