दहा त्रेचाळीस

आमच्या कॉलेजात गाण्यांच्या पिक्चरचं शूटिंग आलं
तेव्हा प्राचार्यांनी नोटीस लावली: तासिका नियमित होतील.
दुपारी भिंतीला गुलाबी रंग लागला,
नोटिशीसकट.

आम्हाला सांगितलं, रोजच्यासारखे दिसा,
आणि प्रत्येकाला एकेक गॉगल दिला.
डिसेंबर, नाशिकची थंडी, अंगात अर्ध्या बाह्या,
कारण पिक्चरमध्ये जून होता.

मी सहाव्या रांगेत,
पिंपळगावहून पहाटेच्या एसटीनं आलेला.
जोडीला हर्षदा थेटे. तीन वर्षं माझाच ब्युरेट मागून न्यायची,
नाव कधी विचारलं नाही.
सातवर हात धरायचा, गिरकी, आठवर सोडायचा.
मला आठ
नवव्या टेकपर्यंत ऐकूच आला नाही.

नायिका जिन्यावरून येते, घंटा होते, गाणं सुरू.
घंटा म्हणजे आमचा रुळाचा तुकडा,
आणि तो वाजवणारे पगारमामा, एकतीस वर्षं तेच.
डान्स मास्टर म्हणाले, मामा, ठेक्यावर मारा.
मामा म्हणाले, ठेका मला कळत नाही,
घंटा पंचेचाळीसला होते.

बऱ्याच विनवण्यांनी मारली एकदाची.
वरून फिजिक्सचा अख्खा वर्ग सुटून खाली,
दप्तरं घेऊन, थेट नायिकेच्या मधून.
कट.
अकरा वेळा घंटा, अकरा वेळा वर्ग सुटला.
आहेर सर अकरा वेळा फळ्याकडे वळून म्हणाले,
तर, आपण कुठे होतो?

मे महिन्यात पहिल्या शोला सगळे गेलो.
आमच्या गिरकीच्या जागी एक कारंजं होतं,
जे आमच्या कॉलेजात नाही.
माझा एक कोपर आला. डावा.
इंटरव्हलला हर्षदा समोसा धरून म्हणाली,
तो तुझाच ना रे? काय नाव तुझं?

मामा मात्र चार सेकंद पडदाभर!
हात वर, टोला, आणि टोल्यावर दोनशे पोरं हवेत.
थिएटरात शिट्ट्या, चिल्लर, कुणाची तरी चप्पलसुद्धा.
मी वळून पाहिलं.
मामा कपाळाला हात लावून बसलेले.

"मागचं घड्याळ बघितलंस?
दहा त्रेचाळीस.
दोन मिनिटं आधी दिली रे मी.
आता हे गावोगाव दाखवणार."