अंगठा

ग्रिम्सबीच्या गोदीवर, जाळी विणायच्या कारखान्याच्या माडीवर
तीन खोल्यांचा स्टुडिओ होता.
भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे ठोकलेले,
आणि खालून चढत येणारा धुरी दिलेल्या हॅडॉकचा वास,
तो टेपवर उमटत नाही एवढंच नशीब.

ईनिड थ्रॉसेल तिथे कामाला. वय एकोणीस.
चहा करायचा, केबली गुंडाळायच्या,
डब्यांवर नावं लिहायची, चुका पुसायच्या.
चुका म्हणजे इतरांच्या.

सदुसष्टच्या नोव्हेंबरात चार पोरं आली,
अंगात कुणाकुणाच्या आजोबांचे लाल फौजी कोट,
बटणं पितळेची, कोपरं विरलेली.
साखर मोजून, कोळसा मोजून,
बॉम्बनं पडलेल्या घरांच्या चौथऱ्यांवर खेळून वाढलेली पोरं.
त्यांना आता काहीच मोजून नको होतं.

गाणं होतं एका पोस्टमनचं,
ज्याच्या थैलीतली पत्रं रात्री आपसात बोलतात.
बस्स, एवढंच.
मेथडिस्ट चॅपलमधून उसना आणलेला हार्मोनियम,
आणि गहाणाच्या दुकानातली एक सतार,
तरफांच्या तारा केव्हाच गंजून गेलेल्या.
ट्रेव्हर स्कॅलन ती वाजवायचा चुकीचीच,
पण इतकी मनापासून चुकीची
की शेवटी सुरांनीच जरा सरकून त्याला जागा दिली.

गिटार तर उलटी. टेपच फिरवून लावलेली,
आधी विझणं, मग पेटणं,
कुणीतरी श्वास आत ओढतोय
आणि सोडायचं विसरलाय, तशी.

तरी मिस्टर हॅलम म्हणाले, सपाट आहे.
पाण्याखालून हवं. नाही, आभाळातून. नाही…
आणि ते पाइप पेटवायला जिन्यात गेले.

तेव्हा ईनिडनं दोन यंत्रं शेजारी शेजारी लावली.
दोन्हींवर तेच गाणं, तोच पोस्टमन,
दोघं पावलाला पाऊल लावून निघाले.
आणि तिनं एका फिरत्या चाकाच्या कडेवर
अंगठा टेकवला.

आईबरोबर जाळी विणून घट्टा पडलेला अंगठा.
दोरा किती ओढायचा, कुठे सैल सोडायचा
हे त्याला डोक्याच्या आधी कळायचं.

एक गाणं केसभर मागे राहिलं.
आणि दोघांमधल्या त्या फटीतून
विमान गेलं, की लाट गेली,
की रेशमाचं अख्खं ठाण कुणी उलगडत नेलं
खोलीच्या या टोकापासून पार डेन्मार्कपर्यंत.
झांजा वितळल्या.
हार्मोनियम चॅपल सोडून समुद्रावर चालू लागला.
भिंतीवरचे ट्रे क्षणभर
अंड्यांनी भरल्यासारखे दिसले.

तिनं अंगठा उचलला. गाणी पुन्हा एक झाली,
काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं.
ड्रम्सवरचा क्लिफर्ड डोळे पुसत होता.
सर्दी झालीय, म्हणाला.

तबकडी निघाली. दोनशे प्रती,
त्यातल्या साठेक आया-मावश्यांनी घेतल्या.
वेष्टणावर नावं होती: चौघांची, हॅलमसाहेबांची,
हार्मोनियमबद्दल आभार म्हणून पाद्र्याचंसुद्धा.

परवा लेस्टरहून एक मुलगा तिच्या दारी आला,
तबकडी छातीशी, तान्ह्या पोरासारखी.
तिच्यासाठी तीन महिन्यांचा पगार मोजला म्हणे.
मी जन्मायच्या कितीतरी आधीचं हे, तो म्हणाला,
पण दुसऱ्या कडव्यानंतर जे होतं ना,
तिथे मला माझी खोली सापडत नाही.
कुठलं यंत्र होतं? कुठल्या कंपनीचं?

ईनिडबाईंनी चष्मा कपाळावर सारला
आणि त्याला अंगठा दाखवला.

त्यांच्याकडे याचा अर्थ ‘छान’.
मुलगा हसला, त्यानंही अंगठा दाखवला,
बिस्किट संपवलं, आणि गाडी चुकेल म्हणून निघाला.

माझ्या भाषेत अंगठा दाखवणं म्हणजे
हातावर काहीच न ठेवणं. तेही झालंच होतं,
फक्त कुणी कुणाला, एवढं विचारू नका.
पण त्याच भाषेत, नाव लिहायची सोय नसलेला माणूस
कागदावर अंगठा उठवतो,
आणि ती सही धरतात.

दुसऱ्या कडव्यानंतर. अकरा सेकंद.
जरा आवाज वाढवून ऐका.