वीस-सत्तर

जखिणवाडीच्या शेवटच्या घरापाशी गाडी लावली.
तिथल्या बाईनं विचारलं, "लेकरं चढत्याली का?"
आणि उत्तराची वाट न बघता
अनोमाच्या हातात मूठभर शेंगा कोंबल्या.

आगाशिवाचा डोंगर मे महिन्यात
तव्यावर राहून गेलेल्या भाकरीच्या रंगाचा.
तिस्स पुढे, पायऱ्या मोजत,
एकोणतीसनंतर वीस-दहा, वीस-अकरा.
सुदत्तच्या खांद्यावर अनोमा.
माझ्याकडे मेणबत्त्या, अगरबत्ती, दोन लिटर पाणी
आणि जादाची चड्डी.

"बुद्ध कुठाय?"
समोर नुसता दगडाचा गोल स्तूप,
त्यावर वटवाघळांची शी.
सुदत्त म्हणाला, "हे लेणं इतकं जुनं,
की तेव्हा मूर्ती करायची रीत नव्हती."
"मग ओळखायचं कसं?"
यावर सुदत्तनं अगरबत्ती पेटवली.

वंदना म्हटली.
लेण्यानं शेवटचा शब्द आमच्यामागून, जरा उशिरा म्हटला,
मागच्या बाकावरच्या पोरासारखा.
अनोमा मुद्दाम खोकली.
लेणंही खोकलं.

मग खोल्या. आमच्या मोरीएवढ्या,
आत दगडातच कोरलेला ओटा, निजायला.
तिस्सच्या प्रश्नांना तिथं पेव फुटलं.
बटण कुठं, संडास कुठं,
आणि भिक्खूंना रात्री भीती वाटली
तर ते कुणाजवळ झोपायचे?
"कुणाजवळच नाही."
तिस्सनं माझ्या ओढणीचं टोक धरलं.

अनोमानं चपला काढल्या, ओट्यावर आडवी झाली,
"गाऽर" म्हणाली, कूस वळली
आणि झोपली.
घरी जिला तासभर थोपटावं लागतं, ती.

उचललं तर भोकाड पसरेल.
म्हणून बसलो.
खाली ऊस, आणखी ऊस,
संगमाकडे पाण्याची एक बारीक चमक,
हायवेवरचे ट्रक आवाज न करता सरकणारे.
लग्नाला नऊ वर्षं झाली.
इतका वेळ समोरासमोर न बोलता
आम्ही फक्त भांडल्यावर बसलोय.

तिस्स नुकताच जोडाक्षरं शिकलेला.
भिंत वाचू लागला.
"सं-ज्या. क-रा-ड. आ-य ल-व्ह."
मग, "सु-द-त्त."
थांबला. "पप्पा, तुमचं नाव!
पुढे बदाम. बदामाच्या पलीकडे ज."

माझं नाव उत्पला.

"अकरावीत होतो," सुदत्त भिंतीला म्हणाला,
"कर्कटक होतं खिशात."
जसा सगळा दोष कर्कटकाचा.
ज म्हणजे कोण, मी विचारलं नाही.
तिस्सनं विचारलं.
"जखिणवाडी," सुदत्त म्हणाला.
हसू फुटत होतं, पण पोर झोपली होती,
म्हणून ते मी ओढणीत धरलं
आणि धरता धरता त्याचं दुसरंच काहीतरी झालं.

अनोमा उठली तेव्हा तिच्या गालावर
छिन्नीच्या तिरप्या रेघा उमटल्या होत्या.
कुणा पाथरवटाचा हात
इतक्या शतकांनी
एका ओल्या, लाळेच्या गालावर.
मी तिला पुसली नाही.

गाडीपाशी आल्यावर कळलं,
खांद्यावरून उतरलेल्या पोरीच्या
एकाच पायात चप्पल.
"मी आणतो," सुदत्त म्हणाला,
मी राहू दे म्हणायच्या आत
तो वळलाही होता.

बाईनं चहा दिला. शेंगांची टरफलं कोंबड्यांनी चिवडली.
एका चपलेच्या मानानं
त्याला फारच वेळ लागला.

आला, तेव्हा हातात गुलाबी चप्पल,
नखांत दगडाची भुकटी,
अंगठ्याजवळ ताजं खरचटलेलं.
"सापडली?"
"हो. तिथंच होती."
मी उरलेलं पाणी त्याच्या हातांवर ओतलं.
दोघांनीही हातांकडेच बघितलं.
अनोमाच्या गालावरच्या रेघा
तोवर जवळजवळ गेल्या होत्या.

"पप्पा, किती पायऱ्या भरल्या?"
"नाही मोजल्या रे."
"वीस-सत्तर," तिस्सनंच सांगितलं,
आणि खिडकीजवळची जागा धरली.