सातवी नळी

कपाटामागची भिंत तळहाताला कोमट लागली,
तिथून सगळं सुरू झालं.
त्याआधी कोकिळेच्या शालूला धुराचा वास,
कॅलेंडरची पाठ चहाच्या रंगाची.
ती म्हणाली, "धूर कथाईन निंघी राह्यना, दखा तरी."

एस.टी.च्या अमळनेर डेपोत एकतीस वर्षं
मी सायलेन्सर उतरवले, चढवले.
गाडीला कुठं दुखतंय ते आवाजावरून कळायचं.
घराचं कळलं नाही.
होळीनंतर मांड्यांची मोठी ऑर्डर होती,
पऱ्हाट्या कोंबल्या होत्या चुलीत,
आणि धुराडं घोंघावलं,
भरलेली गाडी घाट चढताना घोंघावते तसं.
आम्ही हसलो होतो.
आतली काजळी पेटली होती ती.

धाब्यावर चढलो, दोरीला बॅटरी बांधून आत सोडली.
उखा कुंभारानं रचलेल्या अकरा खापरी नळ्या,
प्रत्येकीच्या कडेवर नखानं ओढलेल्या रेघा,
क्रम चुकू नये म्हणून.
सातवीची कड गेलेली, रेघांसकट.
उखा आता नाही. त्याचा मुलगा सुरतेला साड्यांच्या घड्या घालतो,
फोनवर म्हणाला, काका, मला चाक येत नाही,
पण बापू राख जास्त घालायचे.

काळी माती कापसाची, धुराड्यात ती तडकते.
गावाबाहेरून पांढरी आणली,
चाळलेली राख, बकरीचे केस, गुळाचं पाणी,
दोन रात्री भिजू दिलं.
पोत्यात वाळू भरून नळीच्या मापाचा गोळा शिवला,
तळापर्यंत सोडला,
आणि वरून गारा ओतत ओढायला लागलो,
वीतभर. थांब. वीतभर.
खाली चुलीत डोकं घालून कोकिळा ओरडत होती,
"डाव्या अंगले!" आणि मग नुसतंच थू थू.
सातवीपाशी गोळा अडला.
मग सुटला, गंजलेला नट सुटतो तसा, एकदम.

आठ दिवस गॅसवरच्या पोळ्या.
नवव्या दिवशी एक वर्तमानपत्र जाळलं,
संध्याकाळी दोन काटक्या. घाई केली तर ओलं पोट फुटतं.
कपाटामागं हात लावून मी उभा,
शाळेत शिक्षा झाल्यासारखा.
भिंत गार.

आखाजीच्या आदल्या दिवशी खापर चढलं.
डुगडुगू नये म्हणून कोकिळेनं खाली एक कपचा सरकवला.
होळीपासून सरकवते म्हणे, चुलीतच सापडला होता.
मी काढून अंगठ्यानं काजळी पुसली.
सात रेघा.

तिनं हात पुढं केला, पुरणाचा.
"आना आठे. मांडा बिघडी जाई."