अर्धी गोळी

चौतीस वर्षं महापालिकेच्या हॉस्पिटलात
मी माणसांना गोळ्या दिल्या.
रडणाऱ्यांना, थुंकणाऱ्यांना, आईवरून शिव्या देणाऱ्यांना,
एका पैलवानाला तर गुळाच्या खड्यातून.
कुणाची गोळी चुकली नाही. रजिस्टर काढून बघा.

आणि आता ही साडेतीन किलोची मांदेली.

परळच्या दवाखान्यात डॉक्टर दस्तूर म्हणाल्या,
अर्धी गोळी, सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस.
जबडा इथून धरायचा, गोळी जिभेच्या मागे,
मग गळा चोळायचा, हळूच.
त्यांच्या टेबलावर ही अशी बसलेली
जशी हळदीकुंकवाला बोलावलेली सवाष्ण.
टॅक्सीनं विक्रोळी येईपर्यंत तोच चेहरा.

पहिल्या दिवशी ओल्या बोंबलात लपवली.
बोंबील गेला. काटासुद्धा गेला.
गोळी बशीच्या मधोमध, चाटूनपुसून लख्ख,
जणू मीच उचलायची विसरले होते.

दुसऱ्या दिवशी टॉवेल.
समोरचे तिरोडकर पाय धरायला आले,
बेस्टमध्ये कंडक्टर होते, म्हणाले,
"सिस्टर, गर्दी कशी आवरायची ते मला शिकवू नका."
त्यांच्या मनगटावर अजून तीन रेघा आहेत.
चहा न घेता गेले.

चौथ्या दिवसापासून तिला आवाज कळायला लागला.
पाकिटाची चांदी जरा चर्र झाली
की ही कपाटावर, मखराच्या खोक्यामागे,
नुसते दोन हिरवे दिवे.
म्हणून मी आता गोळी जिन्यात जाऊन फोडते.
अनवाणी, स्वतःच्याच घरातून चोरासारखी,
मीटरच्या पेटीशी उभी राहून.
परवा वॉचमननं विचारलं, बाई, बरं आहे ना?

नवव्या दिवशी फ्रिजमागे केरसुणी घातली
तर पाच अर्ध्या गोळ्या.
सहावी माझ्या डाव्या चपलेत.
फरशीवर बसून मोजल्या.
हसू यायला हवं होतं.

आला तो बेड नंबर सतरा.
रेडकर. घड्याळं दुरुस्त करायचे.
भांडायचे नाहीत, तोंड मिटून पडून राहायचे.
नाक दाबलं की तोंड उघडतं,
लोकांसाठी ती म्हण आहे, आमच्यासाठी पद्धत होती.
मी दाबलं. उघडलं. गोळी गेली. सही केली.
ते बघत राहिले माझ्याकडे, रागानं नाही,
मांदेली टॉवेलातून बघते तसे.

ते गेल्यावर उशीच्या अभ्र्यात एकवीस गोळ्या निघाल्या.
रजिस्टरात त्या सगळ्या दिलेल्या आहेत.

आज दहावा दिवस, संध्याकाळची पाळी.
टॉवेल दोरीवरच राहू दिला.
पाय पसरून खाली बसले, बोटाला तूप,
तुपात अर्धी गोळी,
आणि थांबले.
कुकरच्या शिट्ट्या झाल्या, वरच्यांची मालिका सुरू झाली.
सव्वासातला ती कपाटावरून उतरली,
बोट चाटलं,
आणि गाल किंचित फुगवून बसली समोर.
मी बघत राहिले. तीही.

गिळली की नाही, माहीत नाही.
वहीत लिहिलं, दिली.
मग पेन पुन्हा उघडून पुढे एक प्रश्नचिन्ह.

सकाळी चपला झटकून घालायच्या.